पुढच्या चाकांच्या ताटल्या

माझ्या मुलीच्या उजव्या भुवईत एक बारीक रेघ आहे. तिथे केस उगवत नाहीत. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं, लहानपणी पडली होती का? मी म्हटलं, पडली नाही, आपटली, वडिलांच्या गाडीत. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण खरं होतं ते मी सांगितलं.

ती गाडी म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली जुनी पिकअप. दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन बनावटीची, गोल नाकाची. आमचे हे पंधरा वर्षं फौजेत होते, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. पेन्शन घेऊन विट्याजवळच्या आमच्या गावी परतले. आमच्या भागात माणसाच्या हातात चार पैसे आले की तो विहीर खोदतो, नाहीतर भावकीतल्या कुणाबरोबर परमुलखात सोनं गाळायच्या धंद्यात शिरतो. ह्यांनी गाडी आणली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि लोकांनी विचारलं की ही काय खाते.

खायची पुष्कळ, पण कामही करायची. शेंगांची पोती, कडबा, आठवडी बाजाराची माणसं, सगळं तिच्यात जायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडलेली बाळंतीण मिरजेच्या दवाखान्यात न्यायला पंचक्रोशीत तेवढी एकच गाडी होती. कुणीही आपली सून नुसत्या पुरुषांबरोबर पाठवायचं नाही, म्हणून मी बरोबर जायची. बाईचं डोकं मांडीवर घ्यायचं, पाणी पाजायचं, ओरडली तर ओरडू द्यायचं. तीन बायका मी तशा सुखरूप पोचवल्या होत्या. एकीला तर तासगावच्या अलीकडेच मुलगी झाली.

गाडीचं एकच दुखणं होतं, पुढचे ब्रेक. आमच्या गावाआधी ओढा लागतो. त्यावर दुष्काळी कामातून बांधलेली फरशी होती, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. पावसाळ्यात फरशीवरून गुडघाभर पाणी जायचं. फरशी ओलांडली की लहानसा चढ, चढ संपला की उतार, आणि उताराच्या तळाशी शाळेची दगडी भिंत. त्या वेळचे ब्रेक असायचे डब्यासारख्या ड्रमच्या आत. पाण्यातून गेलं की त्या डब्यांत पाणी भरायचं आणि पेडल दाबलं तरी आतले पट्टे नुसते घसरायचे. कधी एकच बाजू धरायची आणि गाडी डावीकडे ओढायची.

श्रावणातल्या एका संध्याकाळी तसंच झालं. मुलगी सहा वर्षांची, माझ्या मांडीवर. गाडी उताराला लागली, ह्यांनी पेडल दाबलं, गाडीने डावीकडे नाक वळवलं आणि भिंतीच्या कोपऱ्याला जाऊन टेकली. वेग फार नव्हता. पण मुलीचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. विट्याच्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. टाके घालताना तिचा हात ह्यांनी धरला होता आणि ती रडली नाही, हेच जास्त ओरडले.

घरी आल्यावर मी एवढंच म्हणाले, "आवं, ही गाडी तुमची. जीव तुमचा. आता मी न्हाई बसायची, आन पोरीला तर बसूच द्यायची न्हाई. बघा काय करताय ते."

मी भांडले नाही. भांडण केलं की ते मिटवता येतं, म्हणून मी करत नसे.

त्यानंतर आठवडाभरातच कुंभाराची सून अडली. तिची सासू माझ्या दारात आली. मी म्हटलं, बैलगाडीने एसटी स्टँडपर्यंत न्या, मी येते बरोबर चालत, पण त्या गाडीत बसणार नाही. त्यांनी बैलगाडी जुंपली. मी बरोबर गेले. पोरगी रस्त्यातच बाळंत झाली, दोघंही नीट होती, पण दोन तास मी जो घाम पुसला तो मला ठाऊक. परत आले तर हे ओट्यावर बसलेले, गाडी अंगणात उभी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सांगलीला गेले.

परत आले ते पोतं खांद्यावर टाकून. पोत्यातून दोन लोखंडी ताटल्या निघाल्या, जाडजूड, मधे भोक असलेल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन बोजड चिमटे. हमरस्त्यावर एका परदेशी मोटारीला मागून ट्रकने दाबलं होतं. तिचं धूड सांगलीच्या एका भंगारवाल्याकडे पडलं होतं आणि पुढचा भाग शाबूत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"डिस्क. फौजेत एका सायबाच्या गाडीला बघितल्यात्या. सायकलचा ब्रेक कसा असतो? चाकाला दोन बाजूंनी रबर धरतं. तसंच हे. ताटली चाकाबरोबर फिरती, चिमटा तिला दोन्हीकडनं धरतो. समदं उघडं. पानी आलं तर निथळून जातं."

"मग आधीच्या लोकांना न्हाई सुचलं व्हय?"

"सुचलं की. आपल्याकडं आलं न्हाई अजून."

परदेशी मोटारीची ताटली अमेरिकन गाडीच्या चाकावर आपोआप बसत नाही, हे मलाही कळत होतं. मधलं भोक लेथवर मोठं करून घ्यावं लागलं. चिमटा धरून ठेवायला जाड पत्र्याचा एक तुकडा लागणार होता, एका अंगाला गाडीला बसणारा आणि दुसऱ्या अंगाला चिमट्याला. मधे त्याला बोटभर पायरी. ह्यांनी आधी पुठ्ठ्यावर माप काढायला घेतलं. दोन दिवस पुठ्ठे कापत होते आणि दोन दिवस शिव्या देत होते, हिंदीतून. फौजेतली हिंदी शिव्यांसाठी चांगली आहे.

मी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. तिसऱ्या दिवशी मी कात्री, टेप आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन चाकापाशी बसले.

"व्हा बाजूला. काखेचा आकार असा डोळ्यानं न्हाई निघत."

"आगं, ही काख हाय व्हय?"

"वाकडं कापायचं म्हंजे काखच."

पुठ्ठा लावला, खडूने खुणा केल्या, कापला. दुसऱ्या खेपेला बसला. ह्यांनी तो वहीत घालून सांगलीला नेला आणि लेथवाल्याकडून दोन तुकडे करून आणले. एक उजवीकडे झकास बसला. दुसरा डावीकडे बसेना. हे उलटा करतात, सुलटा करतात, पायरी भलतीकडेच. मी स्वयंपाकघरातून पाहात होते. शेवटी हात पुसत बाहेर आले.

"दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवून आनल्यासा."

ह्यांनी दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. मग मान खाली घालून पुन्हा एसटीला गेले. परत येताना माझ्यासाठी कात्री आणली, चांगली, सांगलीची. ती कात्री अजून माझ्याकडे आहे.

ताटल्या बसल्या, तरी गाडी लगेच सुधारली नाही. पहिल्या दिवशी मैलभर जाऊन आली तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. पेडल सोडलं तरी चिमटे ताटली सोडत नव्हते. हे दोन दिवस जेवताना भाकरीकडे बघायचे आणि जेवायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना उमगलं. पेडलमागे ब्रेकचं तेल ढकलणारी जी नळी असते, तिच्या तोंडाशी एक इवलासा वॉल्व्ह असतो. तो नळ्यांमध्ये थोडा दाब सतत राखून ठेवतो. जुन्या ब्रेकना ते लागतं, नव्यांना नडतं. तो वॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढा होता.

"एवढ्याशानं धूर काढला?"

"एवढ्याशानंच निघतो," म्हणाले.

मग सुरू झाल्या ओढ्यातल्या परीक्षा. भाद्रपदात फरशीवर अजून पाणी होतं. हे गाडी पाण्यातून न्यायचे, चढ चढायचे, उताराला लावायचे आणि भिंतीच्या अलीकडे थांबवायचे. वळवून पुन्हा तेच. पोरं फेऱ्या मोजायला बसायची. आमच्या समोरच माझे चुलत सासरे राहायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. ते काठी टेकत ओढ्यापर्यंत आले.

"काय रं गड्या, गाडी धुतुयास का पवायला शिकवतुयास?"

"आबा, ब्रेक बघतुय."

"ब्रेक थांबल्यावर दिसतो लेका. तू तर थांबना झालायस सकाळपासनं."

गाडी थांबत मात्र होती. मी दळण आणायला जाता-येता पाहिलं होतं. सरळ थांबायची, डावीकडे ओढ नाही, ओल्या चाकांनीही. पेडल जरा कडक झालंय असं हे म्हणायचे, पण पाय फौजेतला होता.

एका रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "मग? बसतीस?"

"दसऱ्याला बसते," मी म्हटलं. "म्हायेरी जायाचंच हाय. तवर चालवा, बघू."

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, अर्ध्या दिवसाचा रस्ता. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन जायची आमची रीत. मी महिन्याभराची मुदत दिली आणि हे कबूल झाले. त्या महिन्यात त्यांनी त्या गाडीची जेवढी चाकरी केली तेवढी माझ्या बाळंतपणातही केली नव्हती. मला त्याचा राग नव्हता. कशासाठी चाललंय ते दिसत होतं.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी, विळे, अडकित्ता, विळी, माझ्या शिलाई मशीनसकट. सगळं चिंचेने नाहीतर राखेने घासायचं, धुवायचं, कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि हळदीकुंकू वाहून पुजायचं. माझी आई म्हणायची, ज्या घरातल्या खुरप्याला गंज, त्या घरातली बाई आळशी. मला आळशी म्हणवून घ्यायचं नव्हतं, कधीच.

ह्यांनी सकाळीच गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चारी चाकं काढून धुतली आणि झेंडूची फुलं आणायला विट्याला गेले. मी पाने-पक्कड घोंगडीवर ओळीने मांडले, एकेक घासलं. मग नजर गेली पुढच्या ताटल्यांकडे. उघड्या पडलेल्या, आणि वर रात्रीच्या दवाने तांबूस गंज धरलेला. ह्या माणसाने दोन महिने जिच्यासाठी घालवले ती वस्तू सणाच्या दिवशी गंजलेली. मला ते बघवलं नाही.

मी राख लावून दोन्ही ताटल्या घासल्या. आरशासारख्या झाल्या. मग करडईचं तेल घेतलं, नुकतंच घाण्यावरून आणलेलं, आणि फडक्याने हात फिरवला. चिमट्यात फडकं सारून आतपर्यंत. मागूनसुद्धा. काम अर्धं करायची मला सवय नाही. मधोमध कुंकवाची पाच बोटं उमटवली आणि विळ्याकडे वळले.

दिवेलागणीला हे चाकं बसवायला आले. कुंकू बघून थबकले.

"पूजा केलीस व्हय ह्येची?"

"मग? लोखंडच की ते."

एवढंच. पण चाकं बसवताना ते शीळ घालत होते, आणि मी लग्नानंतर त्यांना शीळ घालताना तोवर ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, बायकोने गाडीला घरातली मानली. खरं तर मानलीच होती. तेल लावू नको हे सांगायचं असतं, असं त्यांना सुचलं नाही. लावू का हे विचारायचं असतं, असं मला सुचलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला माळा घातल्या, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. रीत अशी की आधी गाडीने लिंबं चिरडायची, थांबायचं, मग माणसांनी बसायचं. मी ओवाळलं आणि तबक घेऊन बाजूला झाले. मुलगी नवं परकर-पोलकं घालून माझा पदर धरून उभी. आबा समोर त्यांच्या ओट्यावर. शेजारपाजारचे जमलेले, कारण मी आज बसणार हे गावाला ठाऊक होतं.

गाडी पुढे सरकली. लिंबं फुटली. हे थांबायला गेले आणि गाडी थांबली नाही. मागचे जुने ब्रेक कुरकुरले, पण अंगणाला उतार होता. गाडी सावकाश, झेंडूच्या माळा हलवत, रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या आबांच्या कडब्याच्या गंजीत मुंडकं घालून उभी राहिली.

आबा ओट्यावरून म्हणाले, "गाडीला भूक लागली जनू!"

सगळे हसले. मुलगी सगळ्यात जास्त. हे खाली उतरले, ते हसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्यासमोर आले.

"तू म्हनत हुतीस तेच खरं. ह्या भानगडी आपल्याला जमायच्या न्हाईत. इकून टाकतो. तुमी एसटीनं जावा."

आणि आत जाऊन बसले.

माणसं पांगली. मी गाडीजवळ गेले, माझी पिशवी तिच्यात ठेवलेली होती ती काढायला. पुढच्या चाकाजवळ वाकले तर वास आला. घाण्याचा. ताज्या करडई तेलाचा. तो वास ओळखायला मी आयुष्यात कधी चुकणार? चाकाच्या भोकातून बोट आत घातलं. ताटली चकचकीत होती आणि बोट तेलकट झालं.

मी बोट पदराला पुसलं. आता हेही खरं ते सांगते. गाडी जाणार होती. मला ती जायलाच हवी होती, श्रावणापासून. तोंड मिटून एसटीने माहेरी गेले असते तर परत येईपर्यंत अंगण मोकळं झालं असतं आणि दोष कुणाच्या अंगावर आला नसता. ब्रेक फसले, एवढंच गाव म्हणालं असतं. पण ब्रेक फसले नव्हते. आणि शीळ माझ्या कानात होती.

मी आत गेले. हे खाटेवर बसलेले, पाठ दाराकडे.

"आवं, तेल लावलंतं मी."

"कशाला?"

"ताटल्यांना. खंडेनवमीचं."

पाठ वळली नाही. नुसता आवाज आला. "कंचं तेल?"

"करडईचं."

"एकाच बाजूला का दोन्ही?"

"दोन्ही. मागनं पन. चिमट्याच्या आत फडकं घालून."

आता वळले. मला वाटलं ओरडतील. डोळे मोठे झाले होते. मग खांदे हलायला लागले आणि हे खाटेवर आडवे झाले हसता हसता. डोळ्यांतून पाणी. "फडकं घालून!" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मला काही एवढं हसण्यासारखं वाटलं नाही.

"उठा," मी म्हटलं. "तेल काढायचं काम माझं. कसं काढायचं तेवढं सांगा."

चिमट्यांमध्ये ताटलीला घासणारे पट्टे असतात. त्यांनी तेल पिऊन टाकलं होतं आणि नवे कुठून आणणार? ह्यांनी ते काढून दिले. मी चुलीवर जुन्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं आणि पट्टे त्यात टाकले. वर तेलाचा तवंग आला. पाणी ओतलं, पुन्हा उकळलं. तीन पाण्यांनंतर तवंग यायचा थांबला. मग निखाऱ्यावर तवा ठेवून त्यावर भाजले, पापड भाजतात तसे उलटून पालटून, धूर निघायचा थांबेपर्यंत. ताटल्या रिठ्याने धुतल्या, मग पेट्रोलने पुसल्या. पुरणाच्या पोळ्या तशाच राहिल्या त्या दिवशी. मुलीने गूळभाकरी खाल्ली.

उन्हं कलता सगळं जागेवर बसलं. मी हात धुऊन गाडीत चढून बसले, एकटीच. मुलीला आबांच्या ओट्यावर ठेवलं.

हे म्हणाले, "आदी मी एकटा जाऊन येतो."

"चूक माझी हुती, ब्रेकची न्हवती. चला."

ओढ्यापर्यंत गेलो. फरशीवर घोटाभर पाणी उरलं होतं. त्यातून दोनदा गेलो-आलो, मग चढ, मग उतार. समोर शाळेची भिंत, तिचा कोपरा अजून खरचटलेला. माझा हात आपोआप समोरच्या पत्र्यावर गेला, मुलीचं कपाळ आपटलं होतं नेमका तिथेच. ह्यांनी पेडल दाबलं. गाडी सरळ, काही न बोलता, थांबली. मी खाली उतरून भिंतीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. सात पावलं.

"जा, पोरीला घेऊन या," मी म्हटलं. "आन आपट्याची पानं ओट्यावर ऱ्हायल्यात."

माहेरी पोचायला रात्र झाली. वडिलांनी उशीर का झाला विचारलं. मी म्हटलं, पट्टे भाजत होते. त्यांना काही कळलं नाही.

ती गाडी पुढे सात वर्षं आमच्याकडे होती. मिरजेला किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. दर खंडेनवमीला लोखंड बाहेर काढायची, घासायची, तेलाचा हात फिरवायची. ताटल्यांपाशी आले की हे जिथे असतील तिथून ओरडायचे, "आगं, फडकं!" मी फक्त कुंकू लावून पुढे जायची. रोज सकाळी ताटल्यांवर दवाचा तांबूस गंज धरलेला दिसायचा आणि गाडी ओढ्यापर्यंत जाऊन आली की गेलेला असायचा. माझ्या घरात मी गंजू दिलेलं लोखंड तेवढंच. अंगण झाडताना ताटल्यांकडे बघायचं नाही, एवढी सवय मात्र करावी लागली.